लॉनचं वर्षभराचं वेळापत्रक कसं लावता?

नवीबागवाली:
गेल्या वर्षी तळेगावात रोहाऊस घेतलं. पुढे ३० बाय २० फुटांचं लॉन आहे. मे महिन्यात नर्सरीच्या माळ्याने हरळीचे तयार तुकडे आणून अंथरून दिले. जुलैत इतकं छान दिसत होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. श्रावणात लव्हाळा घुसला. ऑक्टोबरात परातीएवढे दोन चट्टे पिवळे पडले. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी पाणी वाढवलं, तर चट्टे आणखी पसरले. आता एप्रिल, निम्मं लॉन करपलंय आणि सोसायटीचं पाणी तासभरच येतं. कुठल्या महिन्यात काय करायचं, कुणी अनुभवाचं सांगाल का?

परसदार_नाशिक:
ताई, ते चट्टे हाताने ओढून पाहिले होते का? गवत चटईसारखं अलगद हातात आलं असेल तर ती हुमणी. खाली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी मुळं खात बसते. मुळंच नाहीत, तर पाणी पिणार कोण? मीही एक अख्खा हंगाम असाच पाणी ओतत होतो.

नाशिकला १६ वर्षं लॉन सांभाळतोय, पहिली ४ वाया गेली. कारण मी जानेवारीपासून वर्ष मोजायचो. लॉनचं वर्ष वळवाच्या पहिल्या सरीला सुरू होतं. त्या संध्याकाळी हुमणीचे तपकिरी भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला येतात. आमच्या फाटकाशी कडुनिंब आहे. तिन्हीसांजेला खाली जुनी चादर पसरायची, फांद्या हलवायच्या, पडतील ते रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत. असं ४-५ दिवस. बायको म्हणते शेजारी हसतात. हसू देत. आणि अर्धकच्चं शेणखत लॉनवर कधीही टाकू नका. हुमणी आणि तणाचं बी दोन्ही त्यातूनच घरात येतात.

मृग लागायच्या आत पहारीने वीत-वीत अंतरावर भोकं पाडा, पुरं कुजलेलं शेणखत आणि वाळू चाळून वर पसरा. पावसाळ्यात ८-१० दिवसांनी कापणी, पण एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. चिखलात मोवर फिरवलात तर चाकांच्या खाचा दिवाळीपर्यंत दिसतात.

लव्हाळा वरून उपटू नका. पात तुटते, गाठ खाली राहते. माती ओली असताना अणकुचीदार खुरप्याने गाठीसकट काढायचा. मी सकाळचा चहा होईपर्यंत २० मिनिटं बसतो, रोज. फारच माजला तर उसातल्या लव्हाळ्यावर मारतात ते हॅलोसल्फ्यूरॉन मिथाईल कृषी केंद्रात मिळतं. हरळी ते सोसते. मात्रा डब्यावर लिहिलेलीच घ्यायची, अंदाजपंचे नाही.

थंडीत फार काही नसतं. वाढ मंदावते, कापणी महिन्यातून एखादी. पाणी सकाळी घाला. संध्याकाळी घातलं की रात्रभर ओल राहते आणि बुरशी धरते.

आंब्याखाली:
काकांच्या म्हणण्यात एक भर. झाडाच्या सावलीत हरळी टिकत नाही. आम्ही आंब्याखाली ३ वेळा लावली, तिन्ही वेळा पैसे मातीत. शेवटी तिथे फरशीचे तुकडे टाकून बाक ठेवला. आता घरातले सगळे तिथेच बसतात, उन्हातल्या लॉनवर कुणीच जात नाही.

नवीबागवाली:
चटईसारखंच आलं होतं काका! मी माळ्याला बोलले, तुम्ही तुकडे नीट लावले नाहीत म्हणून. बिचारा. पण आता करपलंय त्याचं काय? टँकर मागवू का?

परसदार_नाशिक:
अजिबात नको. हिशोब करा: आठवड्याला इंचभर पाणी म्हणजे तुमच्या ६०० चौरस फुटांना साधारण १,४०० लिटर. मे संपेपर्यंत किती टँकर होतील बघा. हरळी वरून वाळते, पण जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात. पाऊस आला की फुटते. दहा-बारा दिवसांनी एकदा खोलवर भिजेल एवढं पाणी द्या, रोजचं शिंपडणं बंद. त्यावर चालू नका आणि करपलेलं कापू नका. ते वाळलेलं पातंच खालच्या कांड्यांना ऊन लागू देत नाही.

मी तर आमच्या लॉनचा अर्धा भाग काढून तिथे शेवगा आणि कढीपत्ता लावला. उरलेल्या अर्ध्याला पाणीही पुरतं आणि माझे गुडघेही.

आणि माळ्याला चहाला बोलवा. मृगाच्या आधी पहार धरायला माणूस लागेलच.

नवीबागवाली:
उद्याच फोन करते. काका, चादर जुनीच हवी ना, की प्लास्टिकचं कापड चालेल?

परसदार_नाशिक:
चालेल की. फक्त पांढरं घ्या, अंधारात भुंगेरे दिसले पाहिजेत.