मदत हवी आहे: पादचारी-सायकल पुलावरची आरजीबी (लाल-हिरवा-निळा) एलईडी पट्टी टोकाला लालसर पडते

धागाकर्ता:
नदीवरचा ६० मीटरचा पोलादी पूल. कठड्याच्या पाइपखाली दोन्ही बाजूंना २४ व्होल्टची आरजीबी पट्टी, १४.४ वॅट प्रति मीटर. प्रत्येक बाजूला १५ मीटरचे चार तुकडे, प्रत्येकाला २५० वॅटचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे २४ व्होल्ट करणारा वीजपुरवठा), पुरवठा एकाच टोकाकडून. पांढरा रंग लावला की शेवटचे पाच-सहा मीटर गुलाबी दिसतात. शिवाय पहिल्या पावसानंतर दोन तुकड्यांत आत वाफ धरली आहे. पट्टी बदलावी लागेल का?

प्रतिसाद १:
रंगाचा दोष पट्टीचा वाटत नाही, व्होल्टेज ड्रॉप आहे, म्हणजे लांब जाताना विजेचा दाब घसरतो. निळ्या-हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २. दाब घसरला की निळा-हिरवा आधी मंदावतो, लाल टिकून राहतो.

तिन्ही रंग पूर्ण लावूनच मल्टीमीटरने दोन्ही टोकांना प्लस आणि निळ्या रंगाच्या वायरमध्ये दाब मोजा. दिवे बंद असताना प्रवाह नसतो, त्यामुळे घट दिसणारच नाही. शेवटी २२च्या खाली असेल तर पुरवठा सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी द्या. वायर कंट्रोलरच्या (रंग बदलणाऱ्या उपकरणाच्या) आउटपुटवरून काढा, थेट एसएमपीएसवरून नको. प्लसला २.५ चौ.मिमी, रंगांना १ चौ.मिमी तांब्याची वायर घेतली तर १५ मीटरवर घट साधारण एका व्होल्टच्या आत राहते. तुकड्याचा भार २१६ वॅट; बंद पेटीत २५० वॅटचा एसएमपीएस तापून लवकर जातो, ३२० वॅटचा घ्या.

प्रतिसाद २:
वाफेचे मूळ बहुधा कापलेल्या टोकांत. दिवसा पट्टीवरची नळी तापते, रात्री गार होताना ओली हवा आत ओढते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरले असेल तर ते तांबे खाते. न्यूट्रल क्युअर (आम्ल न सोडणारे) सिलिकॉन घ्या, जोड सोल्डर करा, वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). क्लिपचे कनेक्टर बाहेर टिकत नाहीत. केबल पेटीत खालूनच शिरू द्या आणि त्याआधी झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. वाफ धरलेले दोन तुकडे मात्र बदला. तांबे हिरवे पडले की उपयोग नाही.

एक्स्पान्शन जॉइंटवर (पूल उन्हाने वाढायला ठेवलेल्या फटीवर) वायर ताणलेली नको. ४० अंशांच्या फरकाने ६० मीटर पोलाद सुमारे २९ मिमी वाढते.

धागाकर्ता:
मोजले. सुरुवातीला २३.७, शेवटी १८.९. आणखी एक अडचण: अहमदाबादच्या अटल पुलासारखे बदलते रंग हवेत असा आग्रह आहे. चालणाऱ्यांना तेवढा उजेड पुरेल का?

प्रतिसाद १:
नाही, आणि यात तडजोड करू नका. निळ्या किंवा लाल उजेडात खड्डा, ओला डाग, जॉइंटची फट नीट दिसत नाही. रंग पुलाच्या बाहेरच्या दर्शनी बाजूला न्या. पायवाटेसाठी ३००० केल्विनचा (पिवळसर छटेचा) पांढरा उजेड वेगळ्या सर्किटवर, दुधी डिफ्यूझरखाली, खाली रोखलेला. सायकलस्वाराच्या डोळ्यांत उघडा एलईडी येता कामा नये. पळते रंग पायवाटेच्या बाजूला ठेवूच नका. आणि २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) व कठड्याचे अर्थिंग आहे ना, ते काम सुरू करण्याआधी तपासून घ्या.