मदत हवी आहे: शीर पळते, आणि पोटॅशियम उगाच वाढून येतं

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय. महिन्याभरापासून तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये सकाळचं कलेक्शन माझ्याकडे आहे. तरुणांचं जमतं, अडतं ते हडकुळ्या म्हाताऱ्या पेशंटपाशी. बोटाला शीर लागते, सुई टेकवली की बाजूला पळते. काल एका आजींना दोनदा टोचलं. "राहू दे पोरी, माझ्यात रक्तच नाही," म्हणाल्या. शेवटी सरांनी काढलं.

दुसरं म्हणजे, गेल्या आठवड्यात एका काकांचं पोटॅशियम ६.९ आलं. डॉक्टरांनी पुन्हा मागवलं तर ४.३! सर म्हणतात, हिमोलाइज केलंस, म्हणजे रक्तपेशी फोडल्यास. पण सिरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) लाल नाही, स्वच्छ पिवळं होतं. मी ५ मिलीची सिरिंज आणि २२ नंबरची सुई वापरते. शीर सापडेपर्यंत दंडाचा पट्टा दोन-तीन मिनिटं राहतो, मूठ उघडझाप करायला सांगते. कुठे चुकतंय?

उत्तर १
ताई, पट्टा एका मिनिटाच्या वर नको. शीर सापडली की सोडा, स्पिरिट लावा, वाळू द्या, मग पुन्हा बांधा. ओल्या स्पिरिटवर टोचलं की पेशंटला झोंबतं. पुसल्यावर तिथे पुन्हा बोट लावायचं नाही. हा मोह सगळ्यांना होतो. मूठ नुसती मिटून ठेवायला सांगा, उघडझाप केल्यानेही पोटॅशियम वाढतं.

पळणाऱ्या शिरेसाठी डाव्या अंगठ्याने टोचायच्या जागेच्या दोनेक इंच खाली कातडी ताणून धरा. म्हाताऱ्यांची कातडी सैल असते, ताणली नाही तर शीर सरकणारच. सुईची तिरकी बाजू वर, कोन १५ ते ३० अंश. वर दिसणाऱ्या शिरेला कमीच. आत गेल्यावर इकडेतिकडे शोधत बसू नका. कोपराच्या मधली शीर घ्या; आतल्या अंगाला धमनी आणि नर्व्ह (मज्जातंतू) जवळ असते. हाताला करंट बसल्यासारखं वाटलं म्हणाले तर लगेच बाहेर. आधी पट्टा सोडायचा, मग सुई काढायची, आणि हात दुमडायला न लावता सरळ ठेवून कापूस दाबायचा. दोन प्रयत्नांनंतर दुसऱ्याला बोलवा, त्यात कमीपणा नाही. आणि सुईवर टोपण परत चढवू नका, सरळ पांढऱ्या डब्यात.

उत्तर २
सिरम पिवळं आणि पोटॅशियम ६.९? त्या सॅम्पलचं कॅल्शियम किती होतं? आधी कुठला बल्ब (रक्त भरायची नळी) भरता?

मूळ प्रश्नकर्ती
आत्ता रजिस्टर बघितलं. कॅल्शियम ५.१, खूपच कमी. आधी जांभळा भरते, सीबीसीचं गोठू नये म्हणून. आणि खरं सांगते, त्या दिवशी प्लेनमध्ये (सिरमच्या साध्या बल्बात) कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं ओतलं होतं.

उत्तर २
सापडलं! जांभळ्या बल्बात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात, आणि ईडीटीए कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हणून एक वर, एक खाली. एका बल्बातलं दुसऱ्यात थेंबभरही ओतायचं नाही. क्रम निळा, प्लेन, जांभळा, शेवटी करडा. सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबू नका, त्याने मात्र खरंच हिमोलाइज होतं. शक्य असेल तर सरांकडून व्हॅक्युटेनर (रक्त थेट आत ओढून घेणारे बल्ब) मागून घ्या, ही ओतण्याची भानगडच नको.

मूळ प्रश्नकर्ती
सरांना सांगितलं. आधी ओरडले, मग स्वतःच भिंतीवर क्रम चिकटवला. आजी सोमवारी साखरेसाठी येणार आहेत. २३ नंबरची स्कॅल्प व्हेन (पंखवाली बारीक सुई) काढून ठेवलीय.