मदत हवी आहे: इन्स्टॉल करताना नेटवर्क कार्डच सापडत नाही

अभ्यासिकावाली:
नागपुरात नंदनवनला आमची अभ्यासिका आहे. तिथल्या लॅपटॉपवर नवीन सिस्टम टाकून राहिले आहे. अर्ध्यात आलं की 'इथरनेट कार्ड सापडलं नाही' म्हणते आणि ड्रायव्हरची लांबलचक यादी दाखवते. काहीही निवडलं तरी फिरून तिथंच. पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत, तारीख संपत आली. लवकर सांगा.

टर्मिनलभाऊ:
सिस्टम कोणती? कार्ड कोणतं? वायर की वायफाय?

धंतोलीकर:
विंडोज ११ नेटशिवाय पुढे जाऊ देत नाही. आवृत्ती जुनी असेल तर शिफ्ट-एफ१० दाबा, काळ्या खिडकीत 'ओओबीई\बायपासएनआरओ' लिहा. रीस्टार्ट झाल्यावर नेट नसल्याचा पर्याय येतो.

बर्डीकर:
ताई, कार्डाच्या मागे कशाला लागता? बर्डीच्या बाजारात जा, वायफाय डोंगल (यूएसबीत लावायचं छोटं वायफाय कार्ड) घ्या, लावा. मी सगळ्यांना हेच सांगतो.

अभ्यासिकावाली:
विंडोज नाही, डेबियन १२, म्हणजे लिनक्स. लॅपटॉपला वायरचं पोर्टच नाही, वायफायच आहे.

टर्मिनलभाऊ:
आता कार्डाचा नंबर द्या. इन्स्टॉलर चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ२, मग एंटर, मग 'एलएसपीसीआय -एनएन'. 'नेटवर्क कंट्रोलर'ची ओळ इथे टाका. परत जायला ऑल्ट-एफ५.

संत्रानगरी:
आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, जुना असेल. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हापासून फर्मवेअर (कार्डात भरायचा छोटा प्रोग्राम) अधिकृत आयएसओतच असतं. नवीन उतरवा, झालं काम.

अभ्यासिकावाली:
आयएसओ नवीनच आहे. ओळीत ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ आणि १४ई४:४३६५ आहे. आता काय?

टर्मिनलभाऊ:
मग नवा आयएसओ आणून उपयोग नाही. संत्रानगरी, तुमचं म्हणणं रिअलटेक-इंटेलच्या बहुतेक कार्डांना लागू आहे, त्यांना फक्त फर्मवेअरची फाइल लागते. ह्या ब्रॉडकॉमला अख्खा ड्रायव्हर लागतो आणि तो त्याच मशीनच्या कर्नलवर (सिस्टमच्या गाभ्यावर) बांधावा लागतो. इन्स्टॉलरमध्ये तो नसतो.
ताई, अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडा, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) चालू करा, इन्स्टॉलरच्या मेनूत जाऊन नेटवर्क हार्डवेअर पुन्हा शोधायला लावा. फोन वायफायवर असला तरी चालतं, डेटा जात नाही. केबल मात्र डेटावाली हवी.

बर्डीकर:
एवढी खटपट काहून? डोंगल लावला की संपलं.

टर्मिनलभाऊ:
भाऊ, खोक्यावर आत कोणती चिप आहे ते लिहिलेलं नसते. फॉर्मची तारीख संपत आली म्हणते तर ताईला फेऱ्या मारायला लावू नका. डेबियन १२ च्या ६.१ कर्नलला ८८२१एयू चिप असलेला डोंगल ओळखता येत नाही, त्यालाही ड्रायव्हर बाहेरूनच. अथेरॉसचा एआर९२७१ असेल तर घ्या, तो चालतो.

कूलरवाला:
विषय निघाला म्हणून सांगतो, उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरच्या धारेत ठेवू नका. ओल आत जाते. आमच्याकडं पोर्ट गंजले.

अभ्यासिकावाली:
फोननं नेट आलं! सिस्टम बसली. वायफाय अजून दिसत नाही.

टर्मिनलभाऊ:
फोन जोडलेलाच ठेवा. सोर्सेस-लिस्टमध्ये (सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं त्या यादीत) 'नॉन-फ्री' जोडा. 'नॉन-फ्री-फर्मवेअर' वेगळं आहे, त्यानं भागणार नाही. अपडेट करून 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' आणि 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' टाका, मग रीस्टार्ट. सिक्युअर बूट (सुरू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेत नाही. बायोसमध्ये ते बंद करा, नाहीतर एमओके किल्ली, म्हणजे ड्रायव्हरवर सही करायची आपली किल्ली, नोंदवा.

संत्रानगरी:
सिक्युअर बूट बंद करायला सांगू नका. सार्वजनिक जागेतलं मशीन आहे, किल्लीच नोंदवावी.

टर्मिनलभाऊ:
बरोबर आहे, वेळ असेल तर किल्लीच. फॉर्म आधी भरू द्या.

अभ्यासिकावाली:
बंद केलं, वायफाय आलं. शेजारच्यांची नावं दिसून राहिली, आमचंच नाही.

नंदनवन२४:
तुमचं राउटर ५ गिगाहर्ट्झवरच आहे का? हे कार्ड फक्त २.४ वर चालतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू करा.

अभ्यासिकावाली:
२.४ बंदच होतं. चालू केलं, लागलं. फॉर्म भरायला बसवलं पोरांना.

धंतोलीकर:
विंडोज टाकलं असतं तर ड्रायव्हर आपोआप आला असता.