उमविला प्रवेश मिळाला, वसतिगृह नाही: खोली बांभोरीत घ्यावी की शहरात?

गोमाईकाठचा
नमस्कार मंडळी. उमविमध्ये (कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव) एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश झालाय. गाव शहादा तालुक्यात, त्यामुळे अपडाऊनचा प्रश्नच नाही. वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव आलं नाही. सोबत एक मित्र आहे, दोघं मिळून राहू. खोली, जेवण, जाणं-येणं धरून माणशी सहा हजारांत बसवायचंय. बांभोरी-पाळधीकडे घेतली तर विभाग जवळ पडतो, पण बाजार, क्लास, अभ्यासिका सगळं शहरात. खोटेनगर-पिंप्राळ्याकडे घेतली तर रोजचा प्रवास. काय परवडेल? करार, डिपॉझिट, लाईटबिल यांत काय बघायचं? मी ओबीसी आहे, उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आतला आहे.

मेहरूणची बोरं
आधी एक करा: वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीतलं नाव काढू नका. प्रवेशफेऱ्या चालू असतात तोवर मुलं दुसरीकडे जातात आणि जागा सुटतात. म्हणून खोली घेताना "एक महिना आधी सांगून सोडू" ही अट घालूनच घ्या. वसतिगृहाच्या खर्चाशी बाहेरची कुठलीच खोली बरोबरी करत नाही.

आता बांभोरी की शहर. नुसतं भाडं भाड्याशी ताडून बघू नका, महिन्याचा एकूण खर्च मांडा. समजा खोटेनगरला दोघांत ४,००० ची खोली आहे आणि बांभोरीत ५,००० ची. शहरातली माणशी ५०० ने स्वस्त दिसते. पण शेअर रिक्षाला जाऊन-येऊन ४० रुपये धरले तर २४ दिवसांचे ९६० झाले. स्वस्त खोलीच महाग पडली.

यावर लोक म्हणतील एसटीचा विद्यार्थी पास काढा. काढाच. दोन तृतीयांश सवलत आहे, म्हणजे पूर्ण भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. विभागातून बोनाफाईड आणि आधार कार्ड घेऊन आगारात जायचं. (मुलींना साध्या तिकिटावर निम्मी सवलत आहे, पण रोज येणारीला पासच स्वस्त.) अडचण पुढे आहे. तुमचं रसायनशास्त्र, प्रॅक्टिकल लांबलं की बाहेर पडायला संध्याकाळ होते. त्या वेळी धुळे, एरंडोलकडून येणारी गाडी भरलेली असते आणि भरलेली गाडी थांब्यावर थांबेलच असं नाही. गिरणा पुलावर एखादा ट्रक बंद पडला तर मग बघायलाच नको. पास खिशात असून रिक्षाला पैसे मोजावे लागतात. म्हणून पास धरला तरी महिन्याला पाच-सहा दिवसांचा रिक्षाखर्च वेगळा काढून ठेवा.

माझं मत: दोन्ही वर्षं प्रयोगशाळेत उशीर होणार असेल तर बांभोरी. शहरात शिकवणी किंवा अर्धवेळ काम असेल तर खोटेनगर, दादावाडी, गुजराल पेट्रोल पंप हा महामार्गाच्या कडेचा पट्टा. त्याहून आत, गणेश कॉलनी-रिंगरोडकडे घेऊ नका. तिथून महामार्गावर यायलाच दुसरं वाहन लागतं आणि एका फेरीची दोन भाडी होतात. सायकल स्वस्त खरी, पण त्या महामार्गावरची अवजड वाहतूक बघता अंधार पडल्यावर नकोच.

भुसावळचा वायरमन
खोली बघायला सकाळी गारव्यात जाऊ नका. दुपारी दोन ते चार या वेळात जा आणि भिंतीला, छताला हात लावून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. वरच्या मजल्याची उघड्या स्लॅबची किंवा पत्र्याची खोली दोन-तीनशेने स्वस्त मिळते, पण ते पैसे कूलर खाऊन टाकतो. हिशेब असा: साधा कूलर १८० वॅटचा, दहा तास चालला तर रोज १.८ युनिट, महिन्याला ५४. शिवाय त्याला रोज चाळीसेक लिटर पाणी लागतं. ज्या घरात पाणी रोज येत नाही तिथे ते आणायचं कुठून, हेही विचारा. समोरासमोर खिडकी-दार नसेल तर कूलर लावून उपयोग नाही, दमट हवा आतच फिरते आणि अंग चिकट होतं. तळमजल्याची किंवा मधल्या मजल्याची, पश्चिमेची भिंत झाकलेली खोली मिळाली तर दोनशे रुपये जास्त द्या, फायद्यात राहाल.

वीज. बहुतेक ठिकाणी मालकाचं एक मुख्य मीटर आणि खोल्यांना सबमीटर असतं. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० असे चढते आहेत. चार खोल्यांची वीज एकाच मीटरवरून गेली की एकूण वापर वरच्या टप्प्यात जातो. त्यामुळे मालक जो दर सांगतो तो अगदीच मनाचा नसतो, पण ताडून बघायला हवा. त्याच्याकडे मागच्या महिन्याचं मुख्य बिल मागा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, तो खरा सरासरी दर. त्यावर एखाद-दोन रुपये ठीक. त्याहून फार जास्त सांगत असेल तर घासाघीस तिथे करा. भाड्यात कुणी शंभर कमी करत नाही, युनिटच्या दरात करतो.

सबमीटर तपासायची साधी रीत. खोलीतलं सगळं बंद करा. मीटरवरचा लाल दिवा तरीही मिचकत असेल तर जिन्याचा दिवा किंवा पाण्याची मोटर तुमच्या मीटरवर जोडलेली आहे. मग १,५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत लावा. मीटरवर प्रति युनिट ३२०० पल्स (म्हणजे मिचकणं) छापलेलं असेल तर मिनिटाला ८० वेळा मिचकायला हवं, १६०० असेल तर ४०. ३२०० च्या मीटरवर शंभराच्या पुढे किंवा १६०० च्या मीटरवर पन्नासच्या पुढे गेलं तर मीटर पळतंय. ते बदलल्याशिवाय राहायला जाऊ नका.

इंडक्शनसाठी १६ अँपियरचं मोठं सॉकेट आहे का बघा. २,००० वॅटला जवळजवळ ९ अँपियर करंट लागतो. ५ अँपियरच्या छोट्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून चालवलं की पिन वितळते, वायर तापते. पावसाळ्यात जी शेगडी "बिघडली" म्हणून दुरुस्तीला येते, तिच्यात बहुतेक वेळा बिघाड नसतोच, सॉकेट जळालेलं असतं.

कळण्याची भाकरी
जेवणाचं कुणी लिहिलं नाही, आणि सहा हजारांतला मोठा वाटा तिथेच जातो.

दोन्ही वेळचा डबा लावायच्या आधी खाडे कसे धरतात ते विचारा. शनिवार-रविवार गावी गेलात तर पैसे वजा होतात का? किती दिवस आधी सांगायचं? काही ठिकाणी सलग तीन दिवसांच्या आतला खाडा धरतच नाहीत. शहाद्याला पंधरा दिवसांनी दोन दिवस जाणाऱ्याला तो नियम थेट तोट्याचा. आणि पहिल्याच दिवशी महिन्याचे पैसे देऊ नका, आठवड्याचे द्या. पहिल्या आठवड्यातली भाजी आणि तिसऱ्या आठवड्यातली भाजी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दोघं असाल तर दुपारी डबा, रात्री स्वयंपाक हे बसतं. रात्री दोघांना आठ पोळ्या धरल्या तर साधारण पाव किलोच्या वर पीठ, महिन्याला आठ-साडेआठ किलो. गहू, ज्वारी, तूरडाळ घरून आणा, फक्त एकदम दळून आणू नका. पावसाळ्यात पिठाला पंधरा-वीस दिवसांत वास लागतो, चार-पाच किलोच दळा. खिचडीला दोघांत दीडशे ग्रॅम तांदूळ आणि पाऊणशे ग्रॅम डाळ पुरते. घरचा ठेचा, लसणाची चटणी आणि बिबडे (ज्वारीचे पापड) डब्यात असले की भाजीचा खर्च आठवड्यातले तीन दिवस तरी टळतो.

गॅस की इंडक्शन हा वाद घालण्याआधी गुणाकार करा. एक किलो गॅसचं काम इंडक्शनवर साधारण आठ युनिटांत होतं. तुमचा सबमीटरचा दर गुणिले आठ, आणि पाच किलोच्या सिलिंडरच्या किमतीचा पाचवा हिस्सा. कमी येईल ते घ्या. ते छोटं सिलिंडर ओळखपत्रावर एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मोठ्या टाकीतून छोट्यात भरून देणारे कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतील. ते बेकायदेशीर आहे, आणि त्या टाकीचा व्हॉल्व कधी तपासलेला असतो देव जाणे. तिकडे जाऊच नका.

गोमाईकाठचा
सगळ्यांचे आभार. बांभोरीत एक खोली बघितली, ५,००० दोघांत, डिपॉझिट १०,०००. मालक म्हणतात नोंदणी वगैरे कशाला, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करू. आणि आम्ही विद्यार्थी म्हणून त्यांची एकच अट, "रातले गोंधय नको". नोटरीवर चालेल का?

दस्तावाला
चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीने नोंदणी होत नाही. मालकाला कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा खर्चाचा हिशेब दाखवा, तो लवकर पटतो. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे अशा ठरावीक मुदतीच्या कराराचं, मुद्रांक शुल्क पाव टक्का. ११ महिन्यांचा करार धरला तर तुमचं भाडं ५,००० गुणिले ११ म्हणजे ५५,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ९१७. त्याचा पाव टक्का १४० रुपये, म्हणजे शुल्क शंभर-दोनशेच्या घरात. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, महापालिका हद्दीत १,०००. बांभोरी ग्रामपंचायतीत आहे. आधार आणि अंगठ्याने ऑनलाइन होतं, कार्यालयात जावं लागत नाही. त्यांच्या ५०० च्या स्टॅम्पवर नोटरीची फी चढली की फार फरक उरत नाही. नोंदणीचा खर्च तुम्ही दोघांनी उचलतो म्हणा, काम होईल.

करारात ही वाक्यं असू द्या:
– भाडं खोलीचं आहे की माणशी. खोलीचं असेल तर मित्र मधेच सोडून गेल्यावर पूर्ण ५,००० तुमच्यावर. माणशी असेल तर मालक तिसरा माणूस आणून ठेवू शकतो. खोलीचं ठेवा, आणि "एक जण गेल्यास बदली विद्यार्थी भाडेकरूने आणावा" हे लिहून घ्या.
– उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली बंद ठेवून गेलात तर भाडं किती. अर्ध्यावर बहुतेक तयार होतात, पण जूनमध्ये विचारलं तर नाही, आत्ता लिहा.
– डिपॉझिटमधून काय कापणार. "रंगकाम" हा शब्द दिसला तर रक्कम लिहून घ्या.
– सूचना एक महिन्याची, दोन्ही बाजूंनी.

दोन महिन्यांचं डिपॉझिट जरा जास्त आहे, एकावर आणायचा प्रयत्न करा. पैसे यूपीआयने, "डिपॉझिट" असा शेरा लिहून. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, पंखे, मीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. पुढे वाद झाला तरी भाडेकरूचं वीज-पाणी मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही, त्याच कायद्याचं कलम २९ आहे.

आणि हो, इंटरनेटवर खोलीचे फोटो टाकून "मी सैन्यात आहे, बदली झाली, टोकन पाठवा, क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा भेटला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

मेहरूणची बोरं
नोंदणीकृत करार तुम्हाला आणखी एका कारणासाठी हवा. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० मिळतात: भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, तुमचं आहे. भाडेकरार जोडावा लागतो. इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा कार्यालयात जा आणि बांभोरीचा पत्ता कुठल्या गटात धरतात हे खोली पक्की करायच्या आधी विचारा. अंतराची अट आणि गुणांची अट यंदाच्या जाहिरातीतच वाचा, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर जाऊ नका. जिल्ह्याला संख्या ठरलेली असते, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच टाका. अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि जमातीसाठी स्वयं योजना अशाच आहेत. स्वयंसाठी जळगाव जिल्ह्याचं प्रकल्प कार्यालय यावलला आहे.

पण हे पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात. सप्टेंबरचं भाडं त्यावर अवलंबून ठेवलं तर अडकाल. तोवर विद्यार्थी विकास विभागात कमवा व शिकाचा अर्ज भरा, कामाच्या तासांप्रमाणे मानधन मिळतं.

कळण्याची भाकरी
वसतिगृहात नंतर जागा मिळाली तर? वसतिगृह आणि आधार योजना दोन्ही एकत्र चालत नाहीत. आधीच ठरवून ठेवा.

दस्तावाला
बरोबर. आणि तेव्हा मालकाला महिन्याची सूचना व्हॉट्सअॅपवर लेखी द्या, त्यात मीटरचा आकडा आणि तारीख लिहा. "शेवटचा महिना डिपॉझिटमधून वळता करून घ्या" हेही त्याच संदेशात टाका. खोली सोडून किल्ली दिल्यावर डिपॉझिट मागत बसण्यापेक्षा हे बरं.