पावसाळ्यात बाल्कनीतलं कंपोस्ट बिघडलंय, मदत हवी आहे

मंडळी, जरा घाईने सल्ला हवा आहे.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. जानेवारीपासून ओला कचरा घरीच जिरवतेय. रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या, बाजूने भोकं पाडलेली, खाली जुनी परात. मेपर्यंत दृष्ट लागावी असं चाललं होतं. पहिल्या बादलीतलं खत काळंभोर, भुसभुशीत निघालं. कढीपत्त्याला नुसतं मूठभर घातलं तर आठ दिवसांत पालवी. कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "तुमच्याकडं आता सुक्यापुरतंच यायचं!"

जुलै लागला आणि सगळं फिसकटलं. झाकण उघडलं की सडक्या अंड्यासारखा भपकारा. आत चिखल, त्यात बोटाच्या पेराएवढ्या चपट्या, करड्या अळ्या वळवळतायत. रविवारी परात भरून काळं पाणी ओघळलं, ते नेमकं खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. चादर दोनदा धुऊन दिली, डाग काही गेला नाही. सासूबाईंनी मुदत दिली आहे: श्रावणात सत्यनारायण आहे, त्याआधी ती घाण घराबाहेर.

आत काय जातं? भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, जूनमध्ये आंब्याच्या कोयी. आणि हो, दोनदा उरलेली आमटी ओतली, कबूल. सुका पाला म्हणून सोसायटीतल्या बदामाची पानं दोन पोती भरून ठेवली होती, ती संपली. आता झाडूवाले देतात तो पाला ओला गच्च. मग पावसाळ्यात कोरडं काय घालायचं? आणि अळ्यांवर काही फवारायचं का?

---

प्रतिसाद:
द्या ना घंटागाडीत. कर भरतो तो कशासाठी?

---

धागाकर्ती:
भरतेच. पण उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसलाय. माझी देठं तरी तिकडं नकोत, एवढंच.

---

प्रतिसाद:
आमटीच नडली. मीठ-तेल तर आहेच, पण मुख्य म्हणजे पाणी. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा जात नाहीये. (नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास असता तर हिरवं जास्त, कोरडं कमी असं म्हटलं असतं.)

आजच बादली जुन्या गोणपाटावर उपडी करा. तासभर पसरू द्या, कोयी वेचून बाजूला काढा, त्या लवकर कुजत नाहीत. मग पुठ्ठा मिसळा. पार्सलचे खोके, अंड्यांचे ट्रे, सगळं हातानं फाडून; चिकटपट्टी आणि गुळगुळीत छपाईचा कागद नको. नारळाच्या शेंड्या सुट्या करून घातल्या तर पोकळी टिकते. सुताराकडचा भुसा चालतो, पण साध्या लाकडाचा. प्लायवुडच्या भुशात डिंक-रसायनं असतात. जेवढा ओला कचरा तेवढंच कोरडं, पावसाळ्यात थोडं जास्तच. मूठभर घेऊन घट्ट दाबा: थेंब गळला तर अजून पुठ्ठा.

अळ्यांना हात लावू नका, फवारणी तर मुळीच नको. वर्णनावरून ब्लॅक सोल्जर फ्लायच्या वाटतात. त्यांची माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावर घोंगावतही नाही. कचरा मात्र अळ्या फडशा पाडल्यासारखा संपवतात. दिसायला किळसवाण्या, हे मान्य. वर दोन बोटं कोरडा थर ठेवला की नजरेआड होतात.

बादली विटांवर ठेवा, परात खोल घ्या. आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत दोन नाही, सहा पोती भरा.

---

धागाकर्ती:
खूप आभार! काल संध्याकाळी उपडी केली. नवरा नाकाला रुमाल बांधून पुठ्ठे फाडत बसला होता. आज भपकारा निम्म्यावर आलाय. मूठ दाबली तर अजून दोन थेंब पडतात, म्हणून आणखी एक खोका घातला. सासूबाई लांबूनच बघून गेल्या, बोलल्या काही नाहीत.

एकच राहिलं: सत्यनारायणानंतर निर्माल्य भरपूर निघेल. फुलं, तुळस, विड्याची पानं. हार सुटे करून दोरा काढला तर याच बादलीत घालू, की पाणी कमी होईपर्यंत थांबू?