कारागृहातील समुपदेशकाला अकरा महिन्यांचाच करार का?

रंकाळाकाठ (धागा सुरू करणारी):
कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले, हे कोल्हापुरात बहुतेकांना ठाऊक आहे. कारागृहात जाऊन समुपदेशन करणारी, साक्षरतेचा वर्ग घेणारी किंवा व्यसनमुक्तीचा गट चालवणारी माणसे कोणत्या अटींवर काम करतात, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. शेजारच्या जिल्ह्यातील एका उपकारागृहात मी पाच वर्षे हे काम केले. करार अकरा महिन्यांचा होता, मानधन तीन-तीन महिने थकत असे आणि बसायची जागा म्हणजे मुलाखतीच्या खिडकीलगतचे बाकडे. पलीकडून नातेवाईक ओरडून बोलत असताना अलीकडे एखाद्या पोराने आपली दारू का सुटत नाही, हे मला हळू आवाजात सांगायचे.

कराराप्रमाणे माझे काम पाचला संपत असे. पण सुटलेला माणूस रात्री साडेदहाला सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, फोन करी, ‘मॅडम, घरात घेईनात,’ आणि मागे इचलकरंजीच्या गाडीची घोषणा ऐकू येई. त्या फोनची नोंद करायला अहवालात रकाना नव्हता. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत दर 500 बंद्यांमागे एक समुपदेशक अपेक्षित आहे. ही पदे पूर्णवेळ असावीत, वेतन वेळेवर मिळावे आणि अवघड प्रसंगी सल्ला घ्यायला कोणीतरी अनुभवी व्यक्ती असावी, एवढीच माझी मागणी आहे.

पेठेतला:
ताई, आपल्या कष्टांविषयी आदर आहे, तरी विरोध नोंदवतो. गुजरीत माझ्या मावसभावाच्या दुकानात चोरी झाली. मुद्देमाल सापडला, पण तो सोडवून घेण्यासाठी त्याने कोर्टाचे इतके हेलपाटे घातले की शेवटी दुकान वहिनींवर सोपवावे लागले. त्याची विचारपूस करायला कोणताही समुपदेशक आला नाही. मनोधैर्य योजना आहे, पण ती बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला अशा गंभीर गुन्ह्यांतील पीडितांसाठी. बाकीच्यांनी कोणाचे दार ठोठवायचे? शिवाय योगदिन, राखीपौर्णिमा आणि वर्तमानपत्रातले छायाचित्र यापलीकडे या कार्यक्रमांमुळे किती जण पुन्हा गुन्ह्याकडे वळले नाहीत, हे मोजल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

निवृत्त शिपाई:
मी तुरुंगाच्या नोकरीत होतो. वर्गासाठी वीस बंदी बराकीतून काढायचे म्हणजे गिनती, झडती आणि सोबत दोन माणसे. त्याच वेळी मुलाखतींना गर्दी झालेली असते आणि कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्यांची गाडी फाटकात उभी असते. मग वर्ग रद्द होतो आणि मॅडम आमच्यावर रुसतात.

दुसरी गोष्ट अशी की, पुनर्वसनाचा विषय निघाला की लोक आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचे उदाहरण देतात. औंध संस्थानाने 1939 मध्ये वसवलेल्या त्या खुल्या वसाहतीत शिक्षा झालेले बंदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. उपकारागृहातला कच्चा कैदी आज आत आहे, तर उद्या जामिनावर बाहेर. 2022 अखेर देशातील सुमारे 5 लाख 73 हजार बंद्यांपैकी 75 टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही, त्याला आपण कशातून सुधारणार?

रंकाळाकाठ:
शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच ‘सुधारणा’ हा शब्द मी टाळते. कच्च्या कैद्याच्या बाबतीत काम वेगळे असते. जामीन मंजूर होऊनही बंदी सात दिवसांत सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे. प्राधिकरण कागद पाहते. पण ‘भाचा पळाला तर माझी जमीन जाईल’ असे म्हणणाऱ्या शिरोळच्या मामाला जामीनदार म्हणून उभे करायला चार फेऱ्या माराव्या लागतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईत बंद्यांसोबत सामाजिक कार्यकर्त्यांमार्फत काम करत आला आहे, म्हणजे ही वाट नवी नाही.

पेठेतला, मोजणीअभावी आपली शंका उरते हे मला मान्य आहे. पण अकरा महिन्यांनी बदलणारी व्यक्ती सुटलेल्या माणसाचा दोन वर्षे माग कसा ठेवणार? छायाचित्र एका दिवसात निघते, म्हणून तेच निघते.

पेठेतला:
मोजणीसाठी माणूस टिकला पाहिजे, हे पटले. पैशाबाबत मात्र माझे मत कायम आहे. जिल्ह्यात एकच नवे पद भरता येणार असेल, तर ते कोर्टाच्या आवारात फिर्यादीसाठी असावे.

निवृत्त शिपाई:
कारागृहात पद भरलेच, तर त्यासोबत दोन शिपाईही द्या. नाहीतर मॅडम पूर्ण पगारावर त्याच बाकड्यावर बसतील आणि बंदी बराकीतच राहतील.