जाहिरातीआधी पाटी नीट करा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका ताईंनी इथे विचारलंय: फराळाच्या दुकानाची साइट आहे पण ऑर्डरी येत नाहीत, काय करू? त्यावर दोघांनी जाहिरातीवर पैसे लावायला सांगितलंय. ताई, जरा थांबा. मी साइट मोबाइलवर उघडली. पहिलं पान दिसेपर्यंत माझा चहा गाळून झाला. फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेत, एकेक चार-पाच एमबीचा. वेबपी (वेबसाइटसाठीचा हलका फोटो-प्रकार) करून दीडशे-दोनशे केबीवर आणा, चकली तितकीच खुसखुशीत दिसेल.

आणि फोन नंबर बॅनरच्या चित्रात! त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. साध्या अक्षरांत लिहून लिंक द्या, शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं बटण.

माझं घोडबंदर रोडला शिवणकामाचं दुकान. गूगल मॅपवर आमचा प्रकार 'कपड्यांचं दुकान' असा पडला होता, लोक फोन करून साड्या मागायचे. तो 'टेलर' केला, सोमवारची सुट्टी टाकली, तेव्हा कुठे ब्लाउजची विचारणा सुरू झाली.

जाहिरात द्यायचीच तर दिवाळीआधी तीनेक आठवडे, तीही ठाण्यापुरती. मला एकाने अख्खा महाराष्ट्र लावून दिला होता; फॉल-पिकोसाठी सोलापूरहून फोन.